नर्सबाई घर रंगवतात

नर्सबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. नमस्कार नंतर, "बरं हाय ना?" ते त्याच्याही नंतर. दारातून आत आल्या की डाव्या हाताचा तळवा भिंतीवर सपाट ठेवायच्या, खांद्यापासून कमरेपर्यंत ओढत आणायच्या आणि मग तो उजेडाकडे धरून बघायच्या. तळव्याला पांढरं लागलं तर म्हणायच्या, "चुना." नाही लागलं तर, "डिस्टेंपर." आणि हात गुळगुळीत घसरला तर डोळे मोठे करून, "अगो बाय, ऑइल पेंट!" एवढं झालं की मग घरातल्या माणसांकडे वळायच्या.

आमच्या शाळेतले एक शिक्षक वारले तेव्हा नर्सबाई आणि मी समाचाराला गेलो होतो. त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून रडत होत्या. नर्सबाई शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि दुसरा हात भिंतीवरून. तेवढ्यात त्यांचा चेहरा कळवळला. माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "वरवर बघून सोडून दिलं हो. आतून पोखरलेलं होतं, कुणी लक्षच दिलं नाय." त्या बोलत होत्या प्लास्टरबद्दल. पण ते ऐकून शिक्षकांच्या पत्नींनी असा काही हंबरडा फोडला की त्यांना सावरता सावरता आमची पुरेवाट झाली.

नर्सबाईंचं नाव सुलोचना जाधव, पण पोलादपुरात त्या नावाने हाक मारली असती तर त्यांनीच मागे वळून दुसऱ्या कुणाला शोधलं असतं. मूळच्या तुडीलच्या, तिथल्या बौद्धवाडीतल्या. सरकारी नोकरीतली सगळी वर्षं आंबेनळी घाटाच्या आजूबाजूच्या गावांत बाळंतपणं करण्यात आणि पोरांना डोस पाजण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर, "सवड झाली नाय," एवढंच सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. निवृत्तीच्या आधी सहा वर्षं त्यांनी आमच्या शेजारची जागा घेऊन दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर बांधलं होतं. पैसे प्लास्टरपर्यंत पुरले. तेव्हापासून ते घर आतून-बाहेरून राखाडी होतं. पावसाळ्यात बाहेरून शेवाळ धरायचं आणि हिरवं दिसायचं, तेवढाच काय तो रंग.

हे भिंतींचं वेड कुठून आलं, हे मी एकदा कुंपणाच्या गडग्यावरून विचारलं होतं. आमचं सगळं बोलणं त्या गडग्यावरूनच चालायचं.

"सर, बाळ यायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "आठ तास, दहा तास. बाई कळा देते आणि भिंतीकडं बघते. मी तिच्याकडं बघते आणि मग मीपण भिंतीकडंच बघते. दुसरं बघायला असतं काय? मला या तालुक्यातली माणसं नावानं आठवणार नायत एक वेळ. भिंती सगळ्या आठवतात."

त्या निवृत्त झाल्या त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. मी शाळेतून येऊन चपला काढतोय तोच गडग्यापलीकडून हाक आली, "सर! तुम्ही गणिताचे ना?"

"हो."

"मग या हिकडं. घर रंगवायचंय. आतून, बाहेरून, सगळं!"

त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या.

सहा वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा गेलो तो असा, मापं घ्यायला. मोजायला नर्सबाईंनी टेप काढली ती नवजात बाळाचं डोकं मोजायची कापडी फीत. जेमतेम दीड मीटरची. त्या फितीने आम्ही आख्खं घर मोजलं. दर दीड मीटरला नर्सबाई भिंतीवर पेन्सिलीने खूण करत आणि "हां, पुढं!" म्हणत. मधूनच उत्साहाच्या भरात खूण कुठली आणि जुना ओरखडा कुठला हे कळेनासं व्हायचं आणि आम्ही पुन्हा पहिल्या कोपऱ्यात जायचो. त्या दिवशी त्यांनी केलेला चहा मी प्यालो. आलं घातलेला, फक्कड होता. घरी आल्यावर आईला मात्र मी ते सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

क्षेत्रफळ काढताना आमचं पहिलं भांडण झालं. मी भिंतीच्या मापातून दारं-खिडक्या वजा केल्या.

"वजा का?" नर्सबाईंनी विचारलं.

"तिथे भिंत नाही ना."

"पण खिडकीच्या आतल्या कडा? त्या काय उघड्या ठेवायच्या? अंगड्याला हाताची भोकं असतात म्हणून कापड कमी घेता का तुम्ही?"

मी कडा वेगळ्या मोजून मिळवल्या. बेरीज झाली तेव्हा लक्षात आलं, वजा केलं होतं त्याच्या जवळजवळ निम्मं परत आलं होतं. वीस वर्षं मी मुलांना चार भिंतींचं क्षेत्रफळ शिकवत होतो, पण खिडकीला कडा असतात हे एकाही वर्गात माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

अंदाजपत्रकासाठी त्यांच्याकडे लसीकरणाचं एक उरलेलं रजिस्टर होतं. छापील रकाने तसेच ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली. लाभार्थीचे नाव: पुढची खोली. वय: सहा वर्षे. पहिला डोस: प्रायमर. दुसरा डोस: रंगाचा पहिला हात. बूस्टर: रंगाचा दुसरा हात. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात उत्तरेच्या भिंतीपुढे लाल शाईने लिहिलं होतं, "ओल. ताप उतरल्याशिवाय डोस देऊ नये."

रंगारी आणला महाडचा. हसनभाई नावाचा मनुष्य, पन्नाशीचा, हातातला ब्रश आणि तोंडातली सुपारी कधी खाली न ठेवणारा. तो आला, त्याने घरावरून एक नजर फिरवली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"थांबा," नर्सबाई म्हणाल्या. "आधी तपासणी."

त्यांनी आतून एक ॲल्युमिनियमचं नळकांडं आणलं. गरोदर बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकतात ते. त्याचं रुंद तोंड त्यांनी भिंतीला टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि बोटाच्या पेराने शेजारी टकटक केली. मग एक पाऊल सरकल्या. पुन्हा टकटक.

हसनभाई सुपारी चघळायचा थांबला. "बाई, भिंत हाय ती. पेशंट नाय."

"हिथं पोकळ हाय," नर्सबाई म्हणाल्या आणि खडूने गोल काढला.

हसनभाईने हसत हसत पत्र्याची पट्टी त्या गोलात दाबली. परातीएवढा प्लास्टरचा पापुद्रा धप्पकन खाली आला. हसनभाईने भिंतीकडे पाहिलं, नळकांड्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्ये कुठं मिळतं?"

तिथून पुढे तो त्यांना डॉक्टरीणबाई म्हणू लागला.

रंग निवडण्याचा कार्यक्रम तर आख्ख्या आळीला पुरला. दुकानातून आणलेल्या शेड कार्डावर नर्सबाईंचा विश्वास नव्हता. "कागदावरचं बाळ गोरंच दिसतं," असं त्या म्हणायच्या. त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला, रंगछटांच्या छोट्या बाटल्या आणल्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून मोजून छटा तयार केल्या. अर्धा सीसी निळा, दोन थेंब काळा. प्रत्येक छटेचा हातभर चौकोन त्यांनी घराच्या पुढच्या भिंतीवर बाहेरून मारला आणि खाली नंबर घातला. चोवीस चौकोन झाले. राखाडी भिंतीवर ते लांबून वाळत घातलेल्या गोधडीसारखे दिसायचे.

येणारा-जाणारा थांबायला लागला. शाळेत जाणाऱ्या मुली "सात नंबर! सात नंबर!" ओरडत जायच्या. पोस्टमन सायकलवरून न उतरता एकोणिसाच्या बाजूने मत देऊन जायचा. माझी आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की गडग्याशी यायची आणि चष्मा वर-खाली करत म्हणायची, "बाराचा काल बरा वाटत होता. आज जरा आजारी दिसतोय."

"उन्हानं, काकू. संध्याकाळी बघा, तरतरीत होतोय."

दोन्ही बाजूंनी एवढा उत्साह की आमच्याकडे चहा उतू जायचा आणि त्यांच्याकडे दूध.

आणि मग हसनभाईने मजुरीचा आकडा सांगितला. रजिस्टरात तो मांडून मी बेरीज केली, पुन्हा केली. नर्सबाईंनी वही ओढून घेतली.

"एवढे नायत," त्या म्हणाल्या.

मग काटछाट सुरू झाली. त्यांनी नवा टीव्ही घ्यायचा ठरवला होता, तो खोडला. बरोबरच्या निवृत्त नर्सेसबरोबर महाबळेश्वरला दोन दिवस राहायचं होतं, ते खोडलं. गादी खोडली. प्रत्येक रेघ मारताना त्या "गेला" म्हणायच्या आणि पुढच्या ओळीकडे वळायच्या. तरीही एकच बाजू होत होती. या वर्षी एक तर आतून, नाही तर बाहेरून.

हसनभाई म्हणाला बाहेरून करा, पाऊस भिंत खातो. मीही तेच म्हणालो. आळीत तर दुसरं मतच नव्हतं. आई गडग्यावरून म्हणाली, "आतलं कोण बघतंय, नर्सबाई? बाहेरचं करून घ्या आधी."

नर्सबाईंनी आईकडे पाहिलं, मग चोवीस चौकोनांकडे. "आतलंच करायचं," त्या म्हणाल्या. "चांगल्यातलं. प्लास्टिक पेंट. स्वयंपाकघराला ऑइल पेंट, म्हणजे पुसलं की लखलखीत."

"आणि बाहेर?" मी विचारलं.

"बाहेर सिमेंटचा रंग. स्वस्तातला. मजुरी नाय."

"मजुरी नाही म्हणजे?"

"म्हणजे मी."

आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी बांबूची परांची उभी राहिली आणि अठ्ठावन्न वर्षांच्या नर्सबाई पदर खोचून, हातात रबरी मोजे, तोंडाला ऑपरेशनचा मास्क आणि डोक्याला पंचा अशा थाटात वर चढल्या. हसनभाई आतली खोली सोडून बाहेर धावला.

"डॉक्टरीणबाई, उतरा! पडलात तर मला महाडात परत जायला तोंड रायचं नाय!"

"खवट्याच्या वाडीवर बाळंतपणाला जाताना दोर धरून कडा उतरलीय मी," वरून आवाज आला. "पाऊस होता तेव्हा. तुमचा बांबू काय घेऊन बसलात? बादली द्या!"

बादली मी दिली. सकाळी साडेसहापासून नऊपर्यंत त्या रंगवायच्या. सिमेंटच्या रंगावर पाणी मारत राहावं लागतं, नाही तर तो भुकटीसारखा झडतो. त्यासाठी त्यांनी नळाला रबरी पाइप लावला. दुपारी हाक मारली तर "थांबा, सलाइन चालू हाय" असं उत्तर यायचं. आठवडाभरात पुढची बाजू अबोली रंगाची झाली. बारावा नंबर. आई दुसऱ्या कुणाला श्रेय घेऊ देईना.

आत हसनभाई अगदी मन लावून काम करत होता. लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची. नर्सबाई खाली उतरल्या की चष्मा लावून एकेक भिंत तपासायच्या आणि दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे. पुढच्या खोलीला त्यांनी फिकट निळा काढला होता. सकाळी उजाडताना आकाश असतं तसा. "दहा तास बघितला तरी डोळ्याला टोचायचा नाय," असं त्यांनी मला समजावलं. स्वयंपाकघर पिवळं, लोण्यासारखं. काम संपलं त्या दिवशी मी आत उभा राहिलो आणि खरं सांगतो, हे तेच घर आहे यावर विश्वास बसेना. नर्सबाई एका खोलीतून दुसरीत अशा फिरत होत्या जणू प्रत्येक खोलीत पाहुणे सोडून आल्यात.

"रविवारी सगळ्यांना बोलवायचं," त्या म्हणाल्या. "रंग बघायला. चार वाजता. सर, तुमच्याकडच्या खुर्च्या द्याल ना?"

मी चार खुर्च्या दिल्या, चार त्यांच्या होत्या. निळ्या खोलीत आठ खुर्च्या भिंतीपासून वीतभर सोडून मांडल्या. रंगाला पाठ लागू नये म्हणून. मोठ्या पातेल्यात पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. नवे कप. मला वाटलं होतं दहा-वीस जण येतील. आख्खी आळी आली.

सगळे अंगणात उभे राहिले. सगळ्यांना घर मनापासून आवडलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. "लांबून एकदम बंगला दिसतोय हो!" "तुम्ही स्वतः चढलात? कमाल आहे!" नर्सबाई दारात उभ्या राहून लाजत हसत होत्या. मग म्हणाल्या, "या ना, आतून बघा. खरं काम आतच हाय."

"हो, हो, येतो ना," लोक म्हणाले. आणि कुणी हललं नाही.

नर्सबाईंनी पोह्यांच्या बशा भरून बाहेर आणल्या. पोस्टमनने घेतली, शाळेतल्या मुलींनी घेतल्या. बाकीच्यांना एकदम आठवणी व्हायला लागल्या. कुणाचा आत्ताच चहा झाला होता. कुणाला पित्त होतं. श्रावणातल्या सोमवारी आमच्या आळीत जेवढे उपास नसतात तेवढे त्या चैत्रातल्या रविवारी निघाले. माझ्या शेजारी आई उभी होती. बशी तिच्यासमोर आली तेव्हा तीही म्हणाली, "माझा उपास आहे गो."

पाचपर्यंत अंगण रिकामं झालं. हसनभाई आणि मी तेवढे आत होतो, आठातल्या दोन खुर्च्यांवर. हसनभाईने तीन वेळा पोहे घेतले, चौथ्यांदा नको म्हणवेना म्हणून तेही घेतले, आणि शेवटी महाडची गाडी पकडायला उठला. जाताना नुसता म्हणाला, "काम एक नंबर झालं, डॉक्टरीणबाई."

नर्सबाई खुर्चीवर बसल्या. मला काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लोकांना जरा संकोच वाटतो."

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या आळीतल्या घराघरात मी गेलीय. आतल्या खोलीपर्यंत. जिथं घरची माणसंपण आत येत नायत तेव्हा, तिथं. बायकांनी माझं मनगट असं धरलंय की चार-चार दिवस वळ जायचे नायत. आणि माझ्याकडं यायचं तर सगळे दारातनं हाका मारतात. मी आपलं ठरवून टाकलं होतं, घराला रंग नाय म्हणून कुणी आत येत नाय."

"तुम्हाला खरं कारण माहीत होतं ना?"

"माहीत होतं की." त्या हसल्या. "पण रंगाचं तेवढं माझ्या हातात होतं."

मी घरी आलो. आई ओट्यावर बसली होती, हातात काही काम नव्हतं.

"आई, आज कसला उपास?"

मी आत निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, "तुझी मनी झाली तेव्हा पूल पाण्याखाली होता. दवाखान्यात नेता येईना. ही बाई सकाळपासून तुझ्या बायकोच्या उशाशी उभी. आडवी आलेली पोर तिनं हातानं वळवली. आणि मी तिला चहा दिला तो कानतुटक्या कपातून. तो कप नंतर परसात ठेवला. तिनं बघितलं होतं ठेवताना."

कपाचं हे मला माहीत नव्हतं. आई उठली, लुगडं नीट केलं, चपला घातल्या आणि गडग्याला वळसा घालून रस्त्याने, पुढच्या दाराने निघाली. मी दोन पावलं मागे होतो.

नर्सबाई बशा गोळा करत होत्या. आई उंबरा ओलांडून सरळ आत गेली आणि मधल्या खुर्चीत बसली. चष्मा वर करून तिने चारी भिंती बघितल्या, एकेक करून, घाई न करता. मग छत बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पोहे राहिलेत का गो?"

नर्सबाईंच्या हातात बशांची चळत होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

"काकू, तुमचा उपास हाय ना?"

"सुटला," आई म्हणाली. "दे."

नर्सबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. पोहे गरम करून आणते म्हणाल्या. बराच वेळ झाला तरी आतून ना स्टोव्हचा आवाज आला, ना भांड्याचा. मी उठायला लागलो तशी आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली. "येईल ती. मला घाई नाही."